एका जलशाच्या दोन ध्वनिफिती व त्यांचा संमिश्र पाठ

ता. ७ जुलै १९५६ च्या रात्रीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत न्यूपोर्ट येथें ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाचा जलसा झाला. फ्रीबॉडी पार्क नांवाच्या उघड्या मैदानावर झालेला हा जलसा जॅझ संगीताच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. एलिंग्टन त्या वेळीं ५७ वर्षांचे होते, व त्यांचा काळ संपला असें पुष्कळ जाणकार उघड बोलूं लागले होते. रात्र बरीच झाल्यावर वृंदानें १९३७ मधील आपली एक जुनी जोडरचना वाजविण्यास घेतली. तिच्या दोन भागांच्या मधल्या जागेंत टेनर सॅक्सोफोन वाजविणारे पॉल गॉन्साल्व्हिस पुढें आले, आणि त्यांनीं ब्लूजचीं एकामागून एक २७ आवर्तनें वाजविलीं. (हें आडनांव गोमंतकीय वाचकांस परकें वाटणार नाहीं, परंतु हे गृहस्थ केप व्हर्द बेटांतून अमेरिकेंत गेलेल्या कुटुंबांतले होत.) श्रोते खुर्च्यांवर उभे राहिले, कित्येक नाचूं लागले. पुढच्याच महिन्यांत 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन यांचें चित्र आलें, व कोलंबिया कंपनीनें त्या जलशाची म्हणून जी ध्वनिमुद्रिका काढली तिचा खप फार मोठा झाला.

'त्या जलशाची म्हणून' असें आम्हीं मुद्दाम लिहिलें आहे. त्या रात्रीं मैदानांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या संस्था दोन होत्या. एक कोलंबिया कंपनी, व दुसरी अमेरिकन सरकारची परदेशांकरितां चालविलेली 'व्हॉइस ऑफ अमेरिका' ही नभोवाणी. दोघांचे मायक्रोफोन निराळे, यंत्रें निराळीं व फितीहि निराळ्या. गॉन्साल्व्हिस पुढें आले ते नेमके नभोवाणीच्या मायक्रोफोनासमोर उभे राहिले. त्यामुळें ज्या वादनानें जलसा गाजला तेंच वादन कोलंबियाच्या फितींत दुरून आल्यासारखें क्षीण उमटलें. शिवाय, महोत्सवासाठीं खास रचलेली संगीतमाला प्रत्यक्ष जलशांत मनासारखी वठली नाहीं म्हणून वृंदानें दोन दिवसांनीं न्यूयॉर्क येथील स्टुडिओंत तिचा बराच भाग पुन्हा वाजविला, व त्यावर टाळ्यांचा आवाज चढवून तो मुद्रिकेंत घालण्यांत आला. ही सर्व योजना कंपनीचे निर्माते जॉर्ज अवाकियन यांच्या देखरेखीखालीं झाली. पोथ्यांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर मूळ पाठांत प्रक्षेप झाला, आणि तो प्रक्षेप श्रोत्यांच्या तोंडीं घातला गेला.

हीच मुद्रिका लोक चाळीस वर्षें त्या रात्रीचा पुरावा म्हणून ऐकत होते. १९९६ मध्यें नभोवाणीच्या फिती वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहांत सांपडल्या. जॅझचे इतिहासकार फिल शाप यांनीं त्या फिती व कोलंबियाच्या मूळ फिती यांचा मेळ घातला. दोन्ही फिती एकमार्गी, म्हणजे मोनो; दोन्हींचा वेग तंतोतंत सारखा नाहीं. त्या एकमेकींशीं जुळवून एक एका बाजूच्या लाउडस्पीकरास व दुसरी दुसऱ्या बाजूच्या लाउडस्पीकरास दिली, तेव्हां संपूर्ण वृंद डावीउजवीकडे पसरलेला ऐकूं येऊं लागला व गॉन्साल्व्हिस यांचा सॅक्सोफोन पुढें आला. ही आवृत्ति १९९९ मध्यें प्रसिद्ध झाली. त्या रात्रीं मैदानांत स्टीरिओ ध्वनिमुद्रण कोणींच केलें नव्हतें; तें ४३ वर्षांनीं झालें. स्टुडिओंतील भागहि या आवृत्तींत आहेत, पण ते निराळे काढून, स्टुडिओंतले म्हणून दिलेले आहेत. ही गोष्ट आम्हांस त्या कल्पक जुळणीहून अधिक मोलाची वाटते.

कागदावरील साधनांची छाननी करणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय कदाचित् आडवाटेचा वाटेल. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहिणारास ध्वनिफीत हें साधन टाळतां येणार नाहीं, आणि त्या साधनास आपले असे दोष आहेत. एकाच प्रसंगाच्या दोन फिती उपलब्ध असल्या व त्यांवरून तिसरी, दोहोंहून गोड, अशी फीत तयार केली, तर त्या तिसरीस साधन म्हणावें कीं आवृत्ति म्हणावें? आमच्या मतें ती आवृत्ति होय. ती अवश्य करावी. मात्र आवृत्तीला जे नियम लागू पडतात ते तिलाहि लागू करावे.

न्यूपोर्टच्या दोन्ही फिती रंगमंचावरील मायक्रोफोनांच्या होत्या. पुढें, विशेषतः १९७० नंतर, जी जोडी सर्वत्र आढळूं लागली ती वेगळी आहे. मोठ्या जलशांत गायकवादकांपुढील सर्व मायक्रोफोनांच्या तारा एका मेजावर येतात. तेथें बसलेला मनुष्य कोणता आवाज किती मोठा ठेवावयाचा तें ठरवितो व मिश्रण लाउडस्पीकरांकडे धाडतो. या मेजास साउंडबोर्ड अथवा मिक्सर म्हणतात. त्याच मेजावरून एक तार ध्वनिमुद्रकास दिली म्हणजे एक फीत तयार होते. दुसरी फीत सभागृहांत बसलेला एखादा श्रोता आपला मायक्रोफोन उंच धरून घेतो. या लेखापुरतें आम्ही पहिलीस मंचफीत व दुसरीस सभाफीत म्हणूं.

मंचफीत स्वच्छ असते, म्हणून ती अधिक खरी असा समज सहज होतो. तो समज चुकीचा आहे. मिक्सरवरचा मनुष्य फितीसाठीं मिश्रण करीत नसतो. तो त्या जागेसाठीं करीत असतो. लहान सभागृहांत ढोल व विजेची गिटार यांचा आवाज मंचावरूनच सर्वांना पुरेसा ऐकूं जातो, तेव्हां तो मनुष्य त्यांना लाउडस्पीकरांतून थोडेंच देतो, व बिचाऱ्या गायकाचा आवाज चढवितो. परिणामीं मंचफितींत गायक कानाशीं गातो आणि ढोल शेजारच्या आळींत वाजतो. तसा तोल त्या रात्रीं सभागृहांतील एकाहि माणसाच्या कानीं पडलेला नसतो. सभागृहाचा घुमारा त्यांत नाहीं. श्रोते असलेच तर गायकाच्या मायक्रोफोनांत चुकून शिरलेले तेवढेच. उलट सभाफितींत सभागृह आहे, तोल आहे, गर्दी आहे. परंतु शब्द अस्पष्ट, खर्ज गढूळ, आणि मायक्रोफोनाजवळच्या दोघां मित्रांचा संवाद मात्र अक्षरशः स्पष्ट. शिवाय सभाफितींतील टाळ्या म्हणजे साऱ्या सभेच्या टाळ्या नव्हेत. जवळचे दहा जण गप्प बसले तर दहा हजारांची सभा थंड होती असें वाटूं लागतें. एक साक्षीदार मंचावर उभा आहे व त्यास सभा दिसत नाहीं. दुसरा सभेंत आहे, पण खांबाआड.

या दोन प्रकारच्या फितींचा सर्वांत मोठा सांठा एकाच वाद्यवृंदाच्या नांवावर आहे, तो कॅलिफोर्नियांतील 'ग्रेटफुल डेड' या मंडळीचा. ही मंडळी १९६५ मध्यें एकत्र आली व तिचे पुढारी जेरी गार्सिया हे ऑगस्ट १९९५ मध्यें वारले तेव्हां तिचा कारभार आटोपला. या तीस वर्षांत तिचे सुमारें २,३०० जलसे झाले. कोणताहि जलसा दुसऱ्यासारखा नसे. गीतांचा क्रम आयत्या वेळीं ठरे व मधले विस्तार उत्स्फूर्त असत. त्यामुळें प्रत्येक रात्र जपण्याची ओढ श्रोत्यांस लागली. मंडळीच्या बाजूनेंहि तसेंच होतें. त्यांचे आरंभींचे ध्वनियोजक औस्ली स्टॅन्ले हे आपलें काम कसें झालें तें नंतर ऐकून पाहतां यावें म्हणून मंचफिती घेत व त्यांस 'ध्वनीची रोजनिशी' अशा अर्थाचें नांव देत. १९७० च्या दशकांत बेटी कँटर-जॅक्सन या बाईंनीं घेतलेल्या मंचफिती तर पुढें त्यांच्याच नांवानें ओळखल्या जाऊं लागल्या. त्यांचें वैशिष्ट्य असें कीं, त्या सभागृहाच्या मिश्रणावर अवलंबून न राहतां फितीसाठीं निराळें मिश्रण करीत. वर सांगितलेला तोलाचा दोष त्यांच्या फितींत जो नाहीं तो यामुळें.

श्रोत्यांनीं आरंभीं चोरूनच ध्वनिमुद्रण केलें. मंडळीनें प्रथम काणाडोळा केला, आणि ऑक्टोबर १९८४ मध्यें बर्कली येथील जलशापासून फिती घेणारांसाठीं तिकिटांचा स्वतंत्र विभागच राखून ठेवला. अट एकच: फितींचा व्यापार करावयाचा नाहीं. फितीला फीत, किंवा कोरी फीत व टपालखर्च, अशी देवघेव देशभर चाले. या विभागाची जागा मिक्सरच्या मेजामागें असे, कारण उंच दांड्यांवर लावलेले मायक्रोफोन पुढें आले तर मेजावरच्या माणसास मंच दिसेना. म्हणजे या फिती बव्हंशीं सभागृहांतील उत्तम जागेवरच्या नाहींत, हें त्या वापरणारानें ध्यानांत ठेवावें.

मंचफीत कोणत्या थरापर्यंत एकांगी होऊं शकते याचें उदाहरण १९७४ चें आहे. त्या वर्षीं मंडळीनें 'ध्वनीची भिंत' म्हणून ओळखली गेलेली योजना उभारली. तिचें पहिलें पूर्ण स्वरूप २३ मार्च १९७४ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोलगत काऊ पॅलेस येथें दिसलें. सहाशें लाउडस्पीकरांची ही भिंत वादकांच्या पाठीमागें उभी असे व प्रत्येक वाद्यास स्वतंत्र स्तंभ असे. पाठीमागचा आवाज गायकाच्या मायक्रोफोनांत शिरून किंचाळी उठूं नये म्हणून प्रत्येक गायकापुढें दोन मायक्रोफोन एकमेकांस उलटे जोडलेले असत. भिंतीचा आवाज दोघांत सारखा शिरे व परस्पर वजा होई. गायक एकांतच गाई म्हणून त्याचा तेवढा उरे. युक्ति उत्तम होती, पण वजाबाकींत गाण्याचाहि थोडा अंश जाई. त्या वर्षींच्या मंचफितींत गायन पातळ ऐकूं येतें तें या कारणानें. तो गायकांच्या गळ्याचा दोष नव्हे. हें ठाऊक नसलेला समीक्षक त्या फितीवरून गायकांविषयीं वाटेल तें लिहील. मंडळीच्या खर्चाचा डोलारा त्या भिंतीनें इतका वाढला कीं त्याच ऑक्टोबरांत ती मोडीत निघाली.

आतां दोन फिती एकत्र करण्याच्या कृतीकडे वळूं. येथें सर्व अडचण काळाची आहे. हवेचें उष्णतामान २० अंश सेंटिग्रेड असतां ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. श्रोत्याचा मायक्रोफोन लाउडस्पीकरांपासून ३० मीटरांवर असला तर मंचफितींत आलेला ठोका सभाफितींत सुमारें ८७ मिलिसेकंद उशिरां येतो. दोन्ही तशाच एकत्र केल्या तर प्रत्येक ठोका दोनदां पडतो. तेव्हां पहिली मागें सारावी लागते. ती बरोबर किती सारावी हा नाजूक प्रश्न आहे. एकच आवाज स्वतःवर एका मिलिसेकंदाच्या अंतरानें तितक्याच जोरानें पडला म्हणजे सेकंदास ५०० कंपनांचा स्वर आपल्याच प्रतिमेनें पुसला जातो, १,००० कंपनांचा दुणावतो, १,५०० चा पुन्हा पुसला जातो, आणि असेंच पुढें. ऐकणारास वाद्य नळींतून वाजल्यासारखें पोकळ वाटतें. उघड्या मैदानावर सायंकाळीं आरंभ झालेल्या जलशांत रात्रीं उष्णतामान १० अंशांनीं उतरलें तर ध्वनीचा वेग कमी होऊन त्याच ३० मीटरांस दीड मिलिसेकंद अधिक लागतो. म्हणजे पहिल्या गीताला साधलेला मेळ शेवटच्या गीताला राहत नाहीं. हवेनेंहि पाठभेद निर्माण करावा ही मोठी मौज आहे.

यंत्रांचा वेग ही दुसरी अडचण. दोन कॅसेट यंत्रांच्या वेगांत हजारीं एक एवढाच फरक असला तरी तासाभरानें फिती ३.६ सेकंदांनीं फांकतात. पुढें अंकात्मक यंत्रें आलीं; त्यांच्या आंतील घड्याळांत दहा लाखांत दहा एवढा फरक असला तरी तासाला ३६ मिलिसेकंद जमा होतात. म्हणून संमिश्रण करणारा आरंभाचा एक ठोका व शेवटचा एक ठोका निवडतो, दोन्ही फितींत ते कोठें आहेत तें मोजतो, व एक फीत ताणून अथवा आंखडून दुसरीच्या मापाची करतो. फार जुनी फीत असेल तर असें दर गीतास, कधीं दर मिनिटास करावें लागतें. कोणती फीत माप म्हणून धरली हें येथें लिहून ठेवलें पाहिजे, कारण वेगाबरोबर स्वरहि हलतो: शेंकडा सहाला किंचित् कमी इतका वेग वाढला कीं सारें गाणें अर्ध्या स्वरानें चढतें. मापाची फीतच जलद चाललेली असली तर संमिश्र फितींत दोन्ही साक्षीदार एकमतानें खोटें बोलतात.

दोन आवाजांतील अंतर शून्यच असावें असेंहि नाहीं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनीं १९४९ मध्यें गॉटिंगेन येथें जो प्रबंध सादर केला त्यांत असें दाखविलें कीं, मूळ आवाजामागून थोड्या मिलिसेकंदांनीं, सुमारें तीसपर्यंत, त्याचीच प्रतिमा आली तर कान ती निराळी धरीत नाहीं. आवाज पहिल्याच दिशेचा वाटतो, फक्त भरदार होतो. याचा फायदा घेऊन कांहीं संमिश्रक सभाफीत दहापंधरा मिलिसेकंद मागेंच ठेवतात, म्हणजे सभागृहाचा पोत राहतो व वाद्यांची धार जात नाहीं. दुसरे कांहीं जण पूर्ण मेळच खरा मानतात. ऐकून पाहिलें तर पहिली रीत बहुधा अधिक सुखद वाटते. पण तिनें श्रोता मंचापासून किती अंतरावर बसला होता ही माहिती नष्ट होते, हें तिच्या पुरस्कर्त्यांनीं मान्य केलें पाहिजे. सभाफितींतील गढूळ खर्ज कापून टाकणें ही गोष्ट मात्र सर्वसंमत आहे, व तींत कोणाचें नुकसान नाहीं.

ग्रेटफुल डेडचे ध्वनियोजक डॅन हीली यांनीं १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत हें काम जलसा चालूं असतांनाच केलें. सभागृहांतील मायक्रोफोन व मिक्सर यांचा मेळ तेथल्या तेथें घालून ते संमिश्र फीत घेत. संग्राहक या फितींना 'अल्ट्रामॅट्रिक्स' म्हणतात, आणि हौशी लोकांनीं नंतर घरीं बसून केलेल्यांस नुसतें 'मॅट्रिक्स'. हीली यांच्या फिती ऐकावयास अप्रतिम आहेत. त्यांच्यासारखा कसबी माणूस त्या जागीं बसून स्वतःच्या कानानें तोल ठरवीत होता, ही त्यांची जमेची बाजू. परंतु त्या फितीवर दोन प्रवाह एकजीव झाले आहेत. ते जसेच्या तसे पुन्हा सुटे करतां येत नाहींत. घरीं बसून केलेल्या मॅट्रिक्सचें तसें नाहीं. त्याच्या दोन्ही मूळ फिती शिल्लक असतात, व उद्यां कोणास तो मेळ पटला नाहीं तर त्यानें नवा घालावा. इतिहासाच्या दृष्टीनें आम्ही या हौशी कामास वरचें स्थान देतों.

येथें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची आठवण होणें साहजिक आहे. ते कार्य १९१९ मध्यें सुरू होऊन १९६६ मध्यें पुरें झालें. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनीं १९३३ मध्यें पुऱ्या केलेल्या आदिपर्वांत जो पाठ छापला आहे तो अक्षरशः तसाच कोणत्याहि एका पोथींत नाहीं. तरी तो विश्वासार्ह ठरला, याचें कारण पानाच्या खालच्या अर्ध्यांत आहे: कोणत्या पोथींत काय आहे तें तेथें सांगितलें आहे, व संपादकाशीं भांडण्याचें साहित्य संपादकानेंच वाचकाच्या हातीं दिलें आहे. संमिश्र फितीस असा खालचा अर्धा हवा. सुदैवानें या मंडळीच्या चाहत्यांनीं तो, कोणी न सांगतां, निर्माण केला. त्यांच्या प्रत्येक फितीबरोबर एक टिपण असतें. मायक्रोफोन कोणत्या जातीचा, तो सभागृहांत कोठें होता, ध्वनिमुद्रक कोणता, मूळ फितीपासून ही प्रत कितव्या पिढीची, अंकांत रूपांतर कोणीं व कशानें केलें, कॅसेटची बाजू उलटतांना गेलेला तुकडा कोणत्या दुसऱ्या फितींतून आणून सांधला, व तो सांधा कोणत्या मिनिटास आहे, इतकें सर्व त्यांत असतें. याला ते लोक फितीची वंशावळ म्हणतात. आपल्याकडील मैफलींच्या खासगी फितींवर गवयाचें नांव व राग यांपलीकडे पुष्कळदा कांहीं लिहिलेलें नसतें; गांव नाहीं, तारीख नाहीं, तबल्यावर कोण तेंहि नाहीं. संगीताचा अभिमान मिरविणाऱ्या आपण लोकांनीं या केंस वाढविलेल्या पोरांकडून एवढी एक गोष्ट शिकावी.

टिपण असूनहि एक जागा निसरडी राहते ती टाळ्यांची. दोन गीतांच्या मध्यें सभाफितीचा आवाज चढवावा व गीत सुरू होतांच उतरवावा, ही रीत फार रूढ आहे. कानाला ती गोड लागते, कारण गाणें स्वच्छ व गर्दी दणदणीत. पण त्या रात्रीं सभा किती खूष होती हा प्रश्न अशा फितीस विचारतां येत नाहीं. तिचें उत्तर संमिश्रकाच्या बोटानें आधींच दिलेलें असतें. १९५६ मध्यें कोलंबियानें स्टुडिओंतील वादनावर टाळ्या चढविल्या, आणि येथें खऱ्याच टाळ्या खऱ्याच जागीं फक्त मोठ्या केल्या. अपराधाच्या प्रतींत अंतर आहे हें खरें. तथापि एखाद्या दरबाराच्या वृत्तांतांत उपस्थितांची संख्या दुप्पट केली तर, ते सारे खरोखर तेथें असते तरीहि, आपण त्यास चूकच म्हटलें असतें. बोट कोठें चढलें व कोठें उतरलें तें टिपणांत आलें पाहिजे. चांगल्या टिपणांत तें असतें; पुष्कळांत नसतें.

याच्या उलट प्रकारचें एक प्रकरण सांगण्यासारखें आहे. 'बीटल्स' या इंग्रज मंडळीचे हॉलिवूड बोल येथील जलसे ऑगस्ट १९६४ व ऑगस्ट १९६५ मध्यें कॅपिटल कंपनीनें तीन मार्गांच्या फितीवर घेतले. तेथें सभेसाठीं वेगळ्या फितीची गरजच पडली नाहीं. हजारों मुलींच्या किंकाळ्या गायकांच्या मायक्रोफोनांतच इतक्या शिरल्या कीं गाणें त्यांत बुडालें. कंपनीनें त्या फिती बाजूस ठेवल्या. जॉर्ज मार्टिन यांनीं १९७७ मध्यें त्यांतून कशीबशी एक मुद्रिका काढली, आणि त्यांचे पुत्र जाइल्स यांनीं २०१६ मध्यें संगणकाच्या साहाय्यानें किंकाळ्या व संगीत यांची फारकत करून दुसरी काढली. नवी आवृत्ति अधिक ऐकण्याजोगी आहे यांत शंका नाहीं. परंतु ती ऐकतांना हें विसरूं नये कीं, त्या रात्रीं स्वतः वादकांनाहि आपलें वाजविणें इतकें स्वच्छ ऐकूं येत नव्हतें.

शेवटीं ज्या एका फितीविषयीं सर्वांत अधिक लिहिलें गेलें तिच्याकडे येऊं. ग्रेटफुल डेडचा ८ मे १९७७ चा जलसा न्यूयॉर्क संस्थानांत इथाका येथें कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्यें झाला. हा हॉल कवायतीसाठीं बांधलेला, उंच छताचा व घुमणारा. बेटी कँटर-जॅक्सन यांनीं त्याची फीत घेतली. पुढें त्यांच्यावर वाईट दिवस आले, व १९८६ मध्यें भाडें थकल्यामुळें त्यांच्या कोठारांतील सामान लिलावांत निघालें, त्यांत शेकडों मूळ फिती अनोळखी लोकांच्या हातीं गेल्या. त्या लोकांकडून प्रती निघाल्या व देशभर पसरल्या. या मंडळीचा सर्वोत्तम जलसा कोणता असें विचारलें असतां असंख्य चाहते कॉर्नेलचें नांव घेतात. २०१२ मध्यें लायब्ररी ऑफ काँग्रेसनें ती फीत राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या सूचींत समाविष्ट केल्याचें जाहीर केलें. मूळ फिती परत मिळाल्यावर २०१७ मध्यें, म्हणजे चाळीस वर्षांनीं, ती अधिकृतपणें प्रकाशित झाली.

हा जलसा खरोखरच श्रेष्ठ, कीं त्याची फीत श्रेष्ठ? त्याच वसंतांतील इतर रात्रींच्या फितीहि आहेत, व त्यांतील वादन कमी प्रतीचें नाहीं असें म्हणणारे जाणते लोक पुष्कळ आहेत. आमच्या समजुतीप्रमाणें कॉर्नेलच्या कीर्तींत फितीच्या स्वच्छतेचा व ती लवकर सर्वांच्या हातीं गेल्याचा वाटा मोठा आहे. ज्या सरदाराचें दप्तर टिकलें त्याचा पराक्रम इतिहासांत मोठा दिसतो, तसाच हा प्रकार आहे. बार्टन हॉलचा घुमारा बेटीबाईंच्या फितींत नाहीं. बाहेर मे महिन्यांत बर्फ पडत होतें व विद्यार्थी त्यांतून चालत आले होते, याचाहि मागमूस तिच्यांत नाहीं. तें सभागृह ऐकावयाचें तर श्रोत्यांनीं घेतलेल्या सभाफितींकडे जावें लागतें. त्या गढूळ आहेत, पण त्यांत छत आहे.

या दोहोंचे मॅट्रिक्सहि हौशी लोकांनीं केलेले आहेत. इंटरनेट आर्काइव्ह या सार्वजनिक संग्रहांत या मंडळीच्या हजारों फिती आहेत. नोव्हेंबर २००५ मध्यें मंडळीच्या वारसांनीं त्या उतरवून घेण्यास बंदी केली व त्यावरून मोठा कोलाहल झाला. तेव्हां सभाफिती पुन्हा मोकळ्या करण्यांत आल्या आणि मंचफिती तेथेंच ऐकाव्या, नेऊं नयेत, असें ठरलें. संशोधकास ही विभागणी थोडी अडचणीची आहे, कारण मेळ तपासावयाचा तर दोन्ही फिती हाताशीं लागतात. तरीहि ८ मे १९७७ या एका तारखेखालीं तेथें मंचफीत, सभाफिती व संमिश्र फिती एकाखालीं एक मांडलेल्या आढळतात, आणि प्रत्येकीसोबत तिची वंशावळ जोडलेली असते. जिज्ञासूनें प्रथम सभाफीत ऐकावी, मग मंचफीत, व मॅट्रिक्स सर्वांत शेवटीं.